गर्भपातासाठी नवऱ्याची सही : कायदा मागत नाही, मग दवाखाना का मागतो?

ओसरी : १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची परवानगी कायदा मागत नाही. तरीही ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईसोबत मी तालुक्याच्या दवाखान्यात गेले, तेव्हा पहिला प्रश्न आला, "मालक कुठंयत?" मालक फडावर होते, आणि उचल फिटायची असल्यामुळे त्यांना खाडा करणे परवडणारे नव्हते. अंगठ्याला शाई लावून ती बाकावर तासभर बसली आणि शेवटी पदराला अंगठा पुसून उठली. गर्भपात स्त्रीच्या वाट्याला कसा येतो, हे तिच्या इच्छेपेक्षा तिचे लग्न, मजुरी आणि गावापासूनचे अंतर ठरवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कडुनिंब : ताई, मी असहमत आहे. मी बीड जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. २०११ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. दोन मुलींची आई बारा आठवडे उलटल्यावर आली, की गर्भलिंगनिदानाच्या संशयाने आमच्याच पोटात गोळा येतो. उद्या सासरचे दारात उभे राहिले तर दाखवायला हातात काहीतरी कागद लागतो, म्हणून ती सही घेतली जाते.

ओसरी : आपली भीती खरी आहे, पण तिची किंमत त्या बाईने का मोजावी? १९९४ चा कायदा गर्भलिंगनिदानाला मनाई करतो, गर्भपाताला नव्हे. शिवाय ज्याला मुलगाच हवा आहे, तो नवरा तर सर्वांत आधी सही करील.

पारंबी : अविवाहित मुलीने कोणाची सही आणायची? २०२१ च्या दुरुस्तीने 'नवरा' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' आणला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत विवाहित-अविवाहित भेद करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. तरीही गळ्यात उसने मंगळसूत्र घालून केसपेपर काढणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. एका अभ्यासानुसार २०१५ मध्ये देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. या आकड्यामागे दवाखान्यातले असे प्रश्नही आहेत.

कडुनिंब : मुलगा हवा असलेल्या नवऱ्याचा मुद्दा मला खोडता येत नाही. रक्तस्राव वाढला तर सोबत कोणीतरी असलेच पाहिजे, यावर मात्र मी ठाम आहे; पण ती सोबत बहिणीची किंवा मैत्रिणीची असली तरी चालायला हवी, हे मला मान्य आहे.