शनिवारी क्लबहाऊसमध्ये पोकर: आधी रंग-सिक्वेन्सचं ठरवूया

मेघना (बी-702): शनिवारी रात्री 8 ते 11, टेक्सास होल्डेम (प्रत्येकाला 2 पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी 5 उघडे). आत्तापर्यंत 8 जण झालेत. प्रत्येकाला 3,000 च्या चिप्स: 25 च्या 8, 100 च्या 8, 500 च्या 4. 300 चिप्सचा सेट पुरतो. ब्लाइंड (दर डावाला दोघांनी भरायची सक्तीची रक्कम) 25-50 पासून, दर 20 मिनिटांनी वाढतील.

सावंत काका (ए-304): थोडे पैसे लावले तर रंगत येईल की!

सचिव: नको काका. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही आहे. पोकर कौशल्य की नशीब, हा वाद कोर्टात चालू दे, सोसायटीच्या हॉलमध्ये नको.

निखिल (सी-1101): पैसे नसले तरी वाजतंच, आणि बहुतेक वेळा तीन पत्तीच्या सवयीमुळे. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारे पत्ते) रंगापेक्षा (सगळे पत्ते एकाच रंगाचे, म्हणजे सगळे बदाम वगैरे) मोठी, पोकरमध्ये उलटं. 3 पत्त्यांत नुसता रंग 1,096 प्रकारे जुळतो, साधी सिक्वेन्स 720 प्रकारे. 5 पत्त्यांत रंग 5,108 आणि सिक्वेन्स 10,200. जे दुर्मीळ ते मोठं, एवढंच. ट्रेलचं (तीन सारखे पत्ते, तीन पत्तीत सगळ्यात मोठी) तर फारच वाईट: पोकरमध्ये ती सिक्वेन्सच्याही खाली जाते.

सावंत काका: आणि एक्का-दुर्री-तिर्री?

निखिल: एक्का ते पंजी ही पोकरमधली सगळ्यात लहान सिक्वेन्स. इस्पिक मोठं, बदाम छोटं असंही काही नाही. बरोबरी झाली की पॉट (मधे जमलेल्या चिप्स) वाटून घ्यायचा. साइड शो (शेजाऱ्याशी गुपचूप पत्ते ताडून बघणं) नाही. ‘ब्लाइंड’ म्हणजे न बघता खेळणं नव्हे, डीलरच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते वाटण्याआधी टाकायची सक्तीची रक्कम. क्रमवारीचा कागद प्रत्येकासमोर ठेवू. एकच कागद असला की तो मागणाऱ्याकडे काहीतरी आलंय हे लगेच कळतं.

मेघना: एक विनंती, खास जुन्या खेळाडूंना. नव्या माणसाने भलताच कॉल करून (समोरच्याइतक्या चिप्स टाकून) रिव्हरला, म्हणजे शेवटच्या उघड्या पत्त्यावर, डाव मारला, तर “असं कोण खेळतं?” म्हणू नका. “छान” म्हणा आणि पुढचा डाव वाटा. शिकवणी घेतली की तो बिचकून नुसता फोल्ड करत (पत्ते टाकून देत) बसतो, पॉट आटतात आणि टेबल परीक्षेच्या हॉलसारखं होतं. शिकवायचंच असेल तर ब्रेकमध्ये, त्याने विचारलं तर.

वहिनी (ए-904): फोल्ड केलेल्यांनीही तोंड आवरावं. फ्लॉपवर (पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत) दोन गुलाम आले आणि कुणी “अरेरे!” म्हटलं, की तिसरा गुलाम कुठे गेला ते सगळ्यांना कळतं. आणि हमखास जिंकणारे पत्ते हातात असताना शोला मुद्दाम रेंगाळू नका. नियमात बसतं, पण समोरच्याच्या डोक्यात जातं. रिव्हरवर शेवटची बेट किंवा रेज (वाढवलेली बेट) ज्याची, त्याने आधी दाखवायचं.

निखिल: रेज करताना आधी आकडा बोला, मग चिप्स सरकवा. कॉलपुरत्या टाकून, समोरचा चेहरा बघून वर भर घालणं चालणार नाही. 50 च्या कॉलला न बोलता 500 ची एकच चिप टाकली तर तो कॉलच. 450 परत मिळतील. चिप्स पॉटमध्ये भिरकावू नका, मोजताच येत नाहीत.

डी-201: चर्चगेटहून यायचंय, गाडी रखडली तर?

मेघना: तुमच्या चिप्स मांडून ठेवू, ब्लाइंड त्यातून जात राहील. 9 नंतर प्रवेश नाही. 9 च्या आत बाद झालेल्याला एकदा परत 3,000. नंतर बाद होणाऱ्यांसाठी कॅरम लावलेला असेल.

वहिनी: पत्ते प्लॅस्टिकचेच आणा. या दमट हवेत कागदी पत्ते फुगतात आणि पिसताना चिकटतात. वेगवेगळ्या पाठीचे दोन जोड हवेत: एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार.

सावंत काका: बरं, वडे माझ्याकडून.

निखिल: आणा काका, पण बाजूच्या टेबलावर, टिश्यूसकट. तेलकट बोट एक्क्याच्या पाठीवर उमटलं की तो एक्का रात्रभर सगळ्यांना ओळखू येतो.