‘कॅम्पेन’ला काय म्हणायचं? आणि धुरा म्हणजे नक्की काय?

पटावरचा_सुभेदार :
नागपुरात आम्ही पाच-सहा जण रविवारी टेबलावर रंगवलेल्या छोट्या सैनिकांच्या लढाया खेळतो. राक्षस, यक्ष, उडते सर्प असा कल्पित मुलूख. आजवर प्रत्येक लढाई सुटी असायची. दिवाळीपासून त्या एका नकाशावर जोडल्या. प्लायवूडवर षटकोनी घरांचा कागद, रंगीत डोक्याच्या टाचण्या म्हणजे फौजा. दोन फौजा एका घरात आल्या की लढाई टेबलावर होते आणि तिथे मेलेला नकाशावरही मेलेलाच.

नवीन पोरांसाठी नियम मराठीत लिहायला घेतले आणि अडलो. अशा जोडलेल्या लढायांच्या मालिकेला, म्हणजे कॅम्पेनला, ‘मोहीम’ लिहिलं, तर आईनं विचारलं, “पोलिओची का?” घराच्या कडेला ‘धुरा’ लिहिलं, कारण आमच्याकडे दोन वावरांमधली हद्द म्हणजे धुरा. नियम होता : ‘धुरा नदीवर असेल तर ओलांडायला एक दिवस जास्त.’ पुण्याहून बदलीवर आलेल्या खेळाडूनं ‘सैन्याची धुरा’, म्हणजे सेनापती, असा अर्थ लावला. सेनापतीची टाचणी मागे ठेवली आणि बाकी फौज त्याच दिवशी पार नेली. डाव तिथेच थांबला. चूक त्याची नाही, शब्द माझा आहे. दोन्हींना काय घ्यावं?

शब्दनिष्ठ :
‘अभियान’ घ्या. चाल करून जाणे हाच त्याचा मूळ अर्थ. मोहीम अरबीतून आलेला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी. आपण नवीन काही लिहीत असताना तरी आपला शब्द का नको?

शिलंगण :
दादा, अभियान म्हटलं की आज स्वच्छतेचं आठवतं, फौज नाही. मोहीम बखरींत मुरलेला शब्द आहे आणि त्याच्या पोटात खेळाचे नियमच आहेत. दसऱ्याला सीमोल्लंघन, मजल दरमजल कूच, रसद, पावसाळ्याआधी छावणीला परत. आपल्या नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालपर्यंत गेल्या, 1751च्या तहात ओडिशा आणि 12 लाखांची चौथाई मिळाली. हे एका लढाईचं काम नाही, वर्षानुवर्षं जाण्याचं आहे. एका घराला एक मजल, म्हणजे एका दिवसाची चाल, धरा, म्हणजे नकाशा आपोआप बोलायला लागेल. आणि चार महिने पावसाचे ठेवाच. पहिली लढाई जिंकलेला पुढच्या सगळ्या जिंकत सुटतो, हा अशा खेळातला मोठा दोष. पावसाळ्यात हरलेल्याला नवी भरती करता येते.

शिलेदार आणि बारगीरही वापरा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारचा. म्हणजे घोडा मेला तर भुर्दंड कोणाला, हे शब्दातच आलं. बंगालीत मराठा स्वारांना ‘बर्गी’ म्हणतात, ते म्हणजे आपले बारगीरच.

शब्दनिष्ठ :
रसद, मजल, बारगीर, शिलेदार : यातला एक तरी शब्द फारसी-अरबीचा स्पर्श नसलेला दाखवा.

शिलंगण :
नाही दाखवत. हे शब्द ज्यांनी वापरले ते मराठे होते, एवढं मला पुरतं.

वावरवाली :
सुभेदार भाऊ, धुरा काढू नका. काहून काढायचा? आमच्या काटोलकडे धुऱ्यावर तूर लावतात, धुऱ्यावर बोराटी असते, आणि शेजारी दरवर्षी नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, धुऱ्यात घालून हद्द सरकवत राहतो. माझ्या बाबांनी त्यावरून सात वर्षं कोर्टाच्या चकरा मारल्या. हद्दीला याहून जिवंत शब्द नाही.

गोंधळ व्याकरणाचा आहे. आपला धुरा पुल्लिंगी : तो धुरा, धुऱ्यावर. नेतृत्वाची ती धुरा : धुरेवर. तुम्ही ‘धुरा नदीवर’ लिहिलं, तिथे फरक दिसला नाही. ‘धुऱ्यावर नदी असेल तर’ लिहा. पुण्याचा माणूस शब्द अडून विचारेल, पण उलटा अर्थ लावणार नाही.

शब्दनिष्ठ :
ताई, लिंगाचं निरीक्षण अचूक आहे. तरी राज्यभर समजणारा ‘बांध’ असताना प्रांतिक शब्द कशाला?

धानपट्टा :
बांध नको. आमच्या भंडाऱ्याकडे बांधी म्हणजे धानाच्या वावराचा तुकडाच. आमचा पोरगा बांध वाचून अख्खं घर समजेल, कड नाही.

वावरवाली :
माझा अंदाज सांगते. दोन्ही धुरा एकच असावेत. धुर म्हणजे जू. औत जिथवर जातं आणि जू जिथे वळवतात, ती जागा धुरा.

शब्दनिष्ठ :
जुवाचा अर्थ नेतृत्वाला लागतो, हद्दीला कसा लागेल? वळण्यावरून नाव पडल्याचा काही पुरावा?

वावरवाली :
पुरावा बैल वळताना पाहिला तेवढाच. तुम्ही वखरामागे चालून पाहा.

पटावरचा_सुभेदार :
‘धुऱ्यावर नदी असेल तर’ असं बदललं. त्या खेळाडूला फोनवर वाचून दाखवलं, त्यानं पहिला प्रश्न विचारला, “धुऱ्या म्हणजे कोण?” मग वावराचं चित्र काढून पाठवलं. पांदणही टाकणार आहे. दोन धुऱ्यांमधली बैलगाडीची वाट, तिच्यावरून रसद दुप्पट वेगानं. पुस्तिकेच्या नावाची ओळ अजून कोरी आहे.

धानपट्टा :
ते नाव राहू द्या, आधी सांगा, एक मजल किती कोसांची धरली? आणि कोस कोणता? आमचा आजा दोन मैलांचा धरायचा, मामाच्या गावचा त्याहून लांब भरायचा.