ओरखडा भरला नाही: पेशी सरकल्या नाहीत की वाढल्याच नाहीत?

मीनल_लातूर: एमएस्सीचं शेवटचं सेमिस्टर, प्रोजेक्ट ईजीएफआर प्रोटीनवर. पेशी कॅल-२७, म्हणजे १९८२ साली एका ५६ वर्षांच्या माणसाच्या जिभेच्या गाठीतून घेतलेल्या. पेशींच्या थरावर २०० मायक्रोलिटरच्या टिपने ओरखडा काढला, निम्म्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यांमध्ये) ईजीएफआर अडवणारं औषध, एर्लोटिनिब, घातलं. २४ तासांनी साध्या वेलमधला ओरखडा निम्मा बुजला, औषधाच्या वेलमधला तसाच. "ईजीएफआर अडवलं की पेशींची हालचाल थांबते" असं लिहिलं, तर सरांनी विचारलं, "वाढ थांबली म्हणून नाही कशावरून?" उत्तर देता आलं नाही. माझे मामा जिभेच्या कॅन्सरने गेले, गाठ मानेत उतरली होती. ती तिथवर पोचते कशी, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

लॅबवाली_ताई: मीनल, सरांचा प्रश्न रास्त आहे. ईजीएफआर पेशीच्या पडद्यात बसलेलं असतं. बाहेरून ईजीएफ हे वाढीचा निरोप आणणारं प्रोटीन येऊन चिकटलं की दोन-दोनच्या जोड्या जुळतात आणि आत निरोप सुटतो. रास-ईआरके या प्रोटीनांच्या वाटेने गेलेला निरोप पेशीला विभागायला लावतो. त्याच निरोपांमुळे ई-कॅड्हेरिनही घटू शकतं. शेजारच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं प्रोटीन ते. ती बांधणी सैल झाली की पेशी सुटी होऊन सरकते. म्हणजे तुझ्या औषधाने दोन्ही कामं अडतात.

ओरखड्याआधी दोन तास मायटोमायसिन-सी दे, विभाजन थांबेल. हातमोजे विसरू नकोस, ते विषारी आहे. सोबत एर्लोटिनिबच्या त्याच डोसवर, तितकेच तास एमटीटी लाव, म्हणजे जिवंत पेशी किती ते कळेल. पिवळ्याचं जांभळं किती झालं ते ५७० नॅनोमीटरवर मोज. मग ८ मायक्रॉन छिद्रांचं ट्रान्सवेल, म्हणजे पेशी पडद्याच्या छिद्रांतून पलीकडे सरकतात का ते दिसेल.

सुहास_पीएचडी: ओरखड्यानंतर पीबीएसने (मिठाच्या बफरने) दोनदा धू. सुटलेल्या पेशी तिथेच परत चिकटतात आणि जखम भरल्यासारखी दिसते. प्लेटखाली मार्करने रेघ मार, म्हणजे फोटो रोज त्याच जागेचा येईल.

मीनल_लातूर: ताई, सुहासदादा, केलं! फरक कमी झाला, पण उरलाच. साध्या वेलमध्ये कडेच्या काही पेशी एकट्याच रिकाम्या जागेत शिरल्यात, लांबट होऊन. औषधाच्या वेलमध्ये सगळ्या एकमेकींना धरून बसल्यात. बराच वेळ डोळा मायक्रोस्कोपच्या आयपीसवरून काढवेना. ई-कॅड्हेरिन किती उरलंय ते दाखवणारी अँटिबॉडी सोमवारी येतेय.