उतारावर भाजीचा वाफा-पेटी कशी बसवू?

प्रश्न (परसदार_देवरुख):
घरामागची जमीन पऱ्याच्या (छोट्या ओढ्याच्या) दिशेने उतरते. मोजलं तर सहा फुटांत दीड फूट उतार आहे. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी लाकडी पेटी करून मिरची, वांगी, थोडी पालेभाजी लावायची आहे. आंब्याच्या फळ्या पडून आहेत. खालच्या बाजूला माती टाकून जागा सपाट करू, की पेटीचे पाय कमीजास्त ठेवू? मिरगाच्या आधी उरकायचं आहे.

उत्तर (कोकणकडा):
पाय लावा, सोपं पडेल. आमच्या गच्चीवर तसंच आहे, मस्त चाललंय.

उत्तर (गडगेवाले_काका):
गच्चीवर ठीक आहे हो, तिथे खाली स्लॅब आहे. इथे पायांखाली पावसात मऊ पडणारी माती. तुमची पेटी 27 घनफुटांची. ओली माती घनफुटाला चाळीस-पन्नास किलो धरली, तर टनाच्या वर ओझं झालं. ते चार पायांवर ठेवलंत की खालचे दोन आषाढात रुतणारच.

माती टाकून सपाटही करू नका. टाकलेला भराव पाऊस पडला की बसतो आणि पेटी पऱ्याकडे कलते. उलट वरच्या अंगाला खणा. लांब बाजू उताराला आडवी ठेवलीत तर तीन फूट रुंदीत उतार नऊ इंचांचाच येतो. म्हणजे वर नऊ इंच खणायचं, खाली शून्य. सगळी पेटी मूळच्या घट्ट जमिनीवर बसेल. निघालेली माती शेणखत घालून पेटीतच वापरा. सपाटी डोळ्यांनी ठरवू नका. पारदर्शक नळीत पाणी भरा, दोन टोकं दोन कोपऱ्यांवर धरा. यापेक्षा खात्रीची पाणसळ नाही. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, तेवढं बघा.

तळ लावूच नका, पाणी जमिनीत जाऊ दे. पेटीच्या मागे वीतभर चर ठेवा, ती दोन्ही बाजूंना उतरती करा, म्हणजे वरून येणारा लोट पेटीवर आदळणार नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तो अडवायला जाऊ नका, त्याला वाट काढून द्या.

आणि आंब्याच्या फळ्या? त्या फळं भरायच्या खोक्यांना बऱ्या. ओल्या मातीला चिकटून राहिल्या की कुजतात, शिवाय वाळवी. त्यापेक्षा चिरे असतील तर चुन्या-सिमेंटशिवाय गडगा रचा. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका, खालची भिंत थोडी वरच्या अंगाला रेललेली ठेवा. फटींतून पाणी झिरपत राहतं, हाच त्याचा फायदा.

परसदार_देवरुख:
काका, जुन्या कुंपणाचे चिरे आहेत! पण अर्ध्या फुटाखाली कातळ लागला तर?

गडगेवाले_काका:
मग कातळाशी भांडू नका. जिथे लागेल तिथे थांबा आणि खालची भिंत राहिलेल्या तीन इंचांनी उंच करा, आतली माती सपाट येईल एवढी. फक्त भिंतीचा पहिला थर सैल मातीवर नको, कातळावर किंवा घट्ट मुरुमावर. आणि शोषखड्डा कुठे आहे ते आधी सांगा, त्याच्या डोक्यावर टनभर माती नको.

उत्तर (परसबाग_ताई):
काकांना अनुमोदन. एक भर घालते. गडग्याच्या फटींतून माती वाहून जाते, म्हणून आतून नारळाची सोडणं (वरची जाड सालं) उभी लावा. आणि माती पहिल्या पावसात बसते, तेव्हा काठोकाठ भरा, नाहीतर श्रावणात पेटी अर्धी दिसेल. वांगी मिरच्यांना अगदी चिकटून लावू नका, नाहीतर मिरच्यांवर सावली येते. गोगलगायी रात्री गडग्यातून बाहेर येतात, बॅटरी घेऊन वेचाव्या लागतील.

परसदार_देवरुख:
शोषखड्डा घराच्या दुसऱ्या अंगाला आहे. रविवारी खणायला घेतो. नळी शेजारच्या गवंड्याकडून मिळेल.