मदत हवी आहे: निकालपत्रातले परिच्छेद क्रमांक
उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या चेंबरला असलेल्या पीए, स्टेनो मंडळींना विचारायचंय. दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाचं निकालपत्र दोन चेंबरांतून फिरतं. दुसऱ्या साहेबांनी मध्येच एक परिच्छेद घातला की पुढचे क्रमांक आपोआप सरकतात, पण हाताने टाइप केलेलं ‘परिच्छेद १४ मध्ये म्हटल्याप्रमाणे’ तसंच राहतं. आणि लक्षात कधी येतं, तर सही होऊन अपलोड झाल्यावर! मग ‘स्पीकिंग टू द मिनिट्स’ची, म्हणजे निकालातली टायपिंगची चूक कोर्टापुढे सांगून दुरुस्त करून घेण्याची पाळी. वर्डमध्ये क्रॉस-रेफरन्स (परिच्छेदाच्या क्रमांकाशी जोडलेले दुवे) टाकले तर कंट्रोल-ए, एफ-९ दाबून आकडे सुधारतात. तळटीपांतले मात्र नाहीत, तिथे कर्सर नेऊन पुन्हा तेच. तुकडा दुसऱ्या फाइलीत पेस्ट केला तर दुवाच तुटू शकतो. सहीआधी तपासायची तुमची पद्धत काय? प्रिंटवर पेन्सिलीने खुणा करणं सोडून काही आहे का?