मदत हवी आहे: आजारपणावरच्या कादंबऱ्यांवर 'स्वतःचा प्रतिसाद' लिहायचाय, पण एकतर पुस्तक हरवतं नाहीतर मी

नमस्कार मंडळी, मी साहित्याची विद्यार्थिनी, दुसरं वर्ष. या सेमिस्टरला 'कुटुंब आणि आजारपण' असा विषय आहे, तीन पुस्तकं वाचायची आणि प्रत्येकावर हजारेक शब्दांत स्वतःचा प्रतिसाद लिहायचा. समीक्षा नको, सारांश नको, वाचताना तुमचं काय झालं ते लिहा, एवढीच सूचना. ऐकताना सोपं वाटलं होतं.

पहिलं टॉलस्टॉयचं 'द डेथ ऑफ इव्हान इलिच', १८८६ चं. माणूस गेल्याची बातमी येते आणि ऑफिसातल्या लोकांच्या मनात पहिला विचार बढती-बदलीचा येतो, सुरुवातच तिथून. मग गोष्ट मागे जाते, इव्हान आजारी असतानाच्या दिवसांत, तिथे घरचे आणि डॉक्टर सगळे त्याच्यासमोर 'नुसतं आजारपण आहे, बरं होईल' असंच वागतात, आणि त्याला दुखण्यापेक्षा ते खोटं जास्त छळतं. फक्त गेरासिम नावाचा नोकर खोटं बोलत नाही, त्याचे पाय खांद्यावर घेऊन तासन्‌तास बसतो. मी हे सगळं नीट लिहिलं आणि मॅडमचा शेरा आला, "हा सारांश झाला, यात तू कुठे आहेस?"

दुसरं 'अ मॉन्स्टर कॉल्स', पॅट्रिक नेसचं, २०११ चं. आईला कॅन्सर असलेला कॉनर, आणि शेवटी त्याच्या तोंडून निघणारं ते सत्य की हे सगळं एकदाचं संपावं असं त्याला वाटत होतं. तिथे माझा बांध फुटला. माझे बाबा दोन वर्षं डायालिसिसवर होते, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास मशीनवर. मी तेव्हा बारावीत होते. रात्री दोन वाजेपर्यंत बसून लिहिलं, सगळं बाबांबद्दल. शेरा: "मनापासून लिहिलंयस, पण ही डायरी आहे. पुस्तक कुठे गेलं?"

आता तिसरं राहिलंय, काफ्काचं 'मेटामॉर्फॉसिस', १९१५ चं, आणि गुरुवारी द्यायचंय. तसं बघितलं तर ही आजारपणाची गोष्ट नाही, ग्रेगर सकाळी उठतो तो किडा होऊनच, पण मला ती पहिल्या पानापासून आजारी माणसाच्या घराचीच वाटली. बंद दार, दाराबाहेर हळू आवाजात बोलणं, कमावणारा माणूस अंथरुणाला खिळल्यावर पैशांची चिंता, सगळं ओळखीचं. पण मी अडकलेय ते त्याच्या बहिणीपाशी, ग्रेटपाशी. सुरुवातीला ती त्याला काय आवडेल ते कळावं म्हणून जुन्या वर्तमानपत्रावर तऱ्हेतऱ्हेचं खाणं मांडून ठेवते, आणि त्याने मोकळेपणाने खावं म्हणून स्वतः बाहेर जाते. पुढे पुढे तीच ग्रेट कामावर जायच्या घाईत हाताला लागेल ते खाणं पायाने आत सरकवते.

पायाने. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं.

किडनी काम करत नसल्यामुळे बाबांना पाणी मोजून द्यावं लागायचं. दिवसाच्या बाटलीवर आईने पेनाने रेघ मारलेली असायची. पहिले काही महिने मी त्यांच्याजवळ बसून घोट घोट द्यायचे, ओठ ओले करायला बर्फाचा खडा द्यायचे. नंतर परीक्षा जवळ आली आणि मी दारातूनच बाटली टेबलावर सरकवायला लागले, फोनमधून मान वर न काढता. एकदा त्यांनी "आणखी एक घोट" म्हटलं आणि मी "रेघ बघा ना बाबा" म्हणून निघून गेले. बाबांचं पुढे ट्रान्सप्लांट झालं, आता ते बरे आहेत, हे त्यांना आठवतही नसेल कदाचित. मला आठवतं.

तर माझे प्रश्न असे की १) स्वतःचं किती लिहायचं, मोजायचं तरी कसं? २) पुस्तक आणि मी दोघंही एका पानावर राहू असं काही तंत्र आहे का? ३) बाबांना न विचारता हे लिहिणं बरोबर आहे का? ताई-दादांनो, कुणी असं लिहिलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं साहित्य शिकवतेय म्हणून लिहिते. किती लिहायचं ते मोजत बसू नकोस गं. लुईझ रोझेनब्लॅट या अभ्यासिकेने १९३८ मध्येच मांडलं होतं की अर्थ नुसता पुस्तकात नसतो आणि नुसता वाचणाऱ्यातही नसतो, दोघांच्या देवाणघेवाणीतून तयार होतो. पण तिची अटही होती, मनात जे उठलं ते घेऊन परत मजकुराकडे जायचं. तुझ्या दुसऱ्या लेखात नेमकं तेच राहिलं, तू गेलीस ती परत आलीच नाहीस.

एक वही घे, पानाच्या डावीकडे पुस्तकातली जागा लिही, उजवीकडे तुला आठवलेलं. मग उजवीकडचं वाचून डावीकडच्या मजकुराला एक प्रश्न विचार. उदाहरणार्थ, बाटली सरकवताना तुझ्या मनात काय होतं ते तुला माहितीये, मग खाणं सरकवताना ग्रेटच्या मनात काय होतं? शोध बरं पुस्तकात. सापडणार नाही, कारण ग्रेगर जिवंत असेपर्यंत निवेदन जवळपास त्याच्याच बाजूने चालतं, ग्रेट आपल्याला दिसते ती खोलीतल्या माणसाला दिसते तशी. तुझा लेख तिथे आहे बघ.

प्रतिसाद २

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. माझ्या भावाच्या आजारपणावर मी न विचारता लिहिलं होतं आणि त्याच्या हातात ते दुसऱ्याच कुणाकडून पडलं. आजाराचं वर्णन त्याला खटकलं नाही, आपल्याला आधी कळलं नाही हे लागलं. तू बाबांना विचार. आणि तपासण्या, रिपोर्ट वगैरे लिहायची काहीच गरज नाही, बाटली पुरे आहे.

धागालेखिका

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल परत तो भाग काढून बसले आणि खरंच, ग्रेटच्या मनातलं एक वाक्यही तिथे नाहीये. म्हणजे मी आतापर्यंत ग्रेटच्या जागी उभी राहून वाचत होते, आणि पुस्तक मला सारखं खोलीच्या आत बसवत होतं, बाबांच्या जागी. बाटली आत येताना तिथून कशी दिसली असेल हा विचार मी कधीच केला नव्हता. सुरुवात अशी केलीये: "काफ्का मला ग्रेट होऊ देत नाही. तो मला दाराच्या आतल्या बाजूला ठेवतो, जिथून फक्त पाय दिसतो."

बाबांना रात्री जेवण झाल्यावर विचारलं. ते म्हणाले लिही, पण रेघेचं त्यांना आठवत होतं. म्हणाले, "तू बरोबरच केलंस, आणखी एक घोट दिला असतास तर मी अजून एक मागितला असता." आता हे त्यांचं वाक्य लेखात घ्यावं का? घेतलं तर खोलीतल्या माणसाला आवाज मिळतो, जो ग्रेगरला मिळत नाही, त्याचं बोलणं तर घरात कुणाला समजतच नाही. पण ते वाक्य वाचून मला माफी मिळाली असं होईल, आणि तसं मला नकोय. काय करू?