सासऱ्यांची ७८ सालची पद्मिनी: ईव्ही किट टाकावं का पेट्रोलवरच ठेवावी?

साताऱ्याची_सून
नमस्कार मंडळी, आमच्याकडे सासऱ्यांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, हँडल गिअरवाली, पहिलाच मालक, इंजिन नंबर चासी नंबर सगळं ओरिजनल. बाबा आता चालवत नाहीत पण विकायचा विषय काढला की ताटावरून उठतात. रोजच्याला माझी इलेक्ट्रिक आहे, घरीच चार्ज होते, त्यामुळे ही बिचारी शेडमध्ये उभी आणि महिन्या-दोन महिन्यांनी काढायला जावं तर सुरूच होत नाही, मग मेस्त्रींना फोन करा, कार्बोरेटर उघडा, अंगणभर पेट्रोलचा वास. ह्यांचं म्हणणं इंजिन काढून ईव्ही किट टाकू, गाडी पण राहील कटकट पण जाईल. एका किटवाल्याने पाच लाखाच्या वर आकडा सांगितलाय. शिवाय आरसीची मुदत संपत आलीय, आणि ५० वर्षं झाली की व्हिंटेज नंबर मिळतो म्हणतात, तो घ्यावा का? कुणी केलंय का यातलं काही?

कुर्ला_रिटर्न
ताई हात जोडतो, इंजिन काढू नका. आमचे काका कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात होते म्हणून जरा जास्तच जीव तुटतो, पण भावना बाजूला ठेवून सांगतो. १०८९ सीसीचं ते इंजिन इतकं साधं आहे की त्यात बिघडण्यासारखं फार काही नाहीच. तुमचा त्रास इंजिनाचा नाही, उभं राहण्याचा आणि आत्ताच्या पेट्रोलचा आहे. ई२० मध्ये २० टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट टाकीच्या तळाला वेगळं होऊन बसतं, मग आतून गंज आणि तो गंज येऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) अडकतो. जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा डायाफ्राम यांना तर इथेनॉल अजिबात सोसत नाही, वासाचं मूळ बहुतेक तिथेच सापडेल, आणि शेडमध्ये तो वास हलक्यात घेऊ नका, आधी ते बघा.

टाकी उतरवून साफ करून घ्या. सगळे पाइप इथेनॉलला चालणारे टाका, पंपाला नवीन किट, लाइनमध्ये पारदर्शक फिल्टर म्हणजे कचरा आला की दिसतो. इथेनॉलमुळे मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, पिकअपला अडखळत असेल तर मेस्त्रींना मेन जेट एक साइज मोठा लावून बघायला सांगा. शंभर ऑक्टेनचं एक्सपी १०० मिळत असेल तर त्यात इथेनॉल नसतं, महाग आहे, लिटरला दीडशेच्या वरच, आणि तेवढ्या ऑक्टेनची हिला गरजही नाही पण वर्षातून किती लिटर जाणार? आणि पंधरा दिवसांनी वीसेक किलोमीटर फिरवाच. दारात उभी करून पाच मिनिटं चालू ठेवणं हा प्रकार वाईट, इंजिन धड गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि चोक ओढलेला असेल तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.

व्होल्टभाऊ
मी ईव्हीवाल्यांच्या बाजूचा आहे हे आधीच सांगतो. किट टाकणं काही पाप नाही, जॅग्वारने स्वतः त्यांची जुनी स्पोर्ट्स कार ई-टाइप इलेक्ट्रिक केली होती, २०१८ ला हॅरी-मेघन लग्नानंतर त्याच गाडीतून गेले. पण पुढच्याच वर्षी कंपनीने तो प्रोजेक्ट गुंडाळून ठेवला, तेही लक्षात घ्या. किटवाल्याला एकच प्रश्न विचारा, एआयएस-१२३ (ईव्ही किटचं मानक) खाली एआरएआय किंवा आयकॅट या गाड्या तपासणाऱ्या संस्थांचं अप्रूव्हल आहे का आणि त्यात पद्मिनीचं मॉडेल आहे का. "करून देऊ, सगळे करतात" असं उत्तर आलं तर फोन ठेवा, कारण आरसीवर इंधन बदललं नाही तर इन्शुरन्सवाला क्लेमला हात लावणार नाही. दुसरं म्हणजे गाडीचं वजन ९०० किलोच्या आत, चारही ड्रम ब्रेक, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). डिकीत बॅटरी ठेवली की ब्रेक, पाटे सगळंच बघावं लागतं, पाच लाखात ते धरलंय का? रोज वापरणार असाल तर विचार करा. पण रोजच्याला ईव्ही दारात आहेच की, मग महिन्याला पन्नास किमी चालणाऱ्या गाडीत आणखी एक बॅटरी कशाला, मलाच पटत नाही 😄

फॉर्म_२५
कागदांचं मी सांगतो. दिल्लीचा १५ वर्षांचा नियम आपल्याकडे नाही, घाबरू नका. फिटनेस दाखवून आरसी ५ वर्षांसाठी रिन्यू होते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला फी १०,००० झालीय, पर्यावरण कर वेगळा, एचएसआरपी (नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) वेगळी. जुना तीन अक्षरी नंबर असेल तर आधी वाहन पोर्टलवर दिसतो का बघा, नसेल तर बॅकलॉग एंट्री, म्हणजे आरटीओकडून जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यावी लागते आणि तिलाच खरा वेळ लागतो, मुदत संपायच्या आधी लागा.

व्हिंटेजचं २०२१ च्या नियमाने आहे, पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं पूर्ण हवीत म्हणजे तुम्हाला २०२८ आधी नाहीच. फी २०,०००, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए येतं. पण मग गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. सासऱ्यांना सज्जनगडाला न्यायचं असेल तर साधं रिन्यूअलच बरं. आणि गाडी मूळ रूपात हवी, त्यामुळे किट टाकलं की तो रस्ता बंदच समजा.

लेस्टरकर
इकडे माझ्याकडे मॉरिस मायनर आहे. यूकेत ४० वर्षं झाली की रोड टॅक्स शून्य, एमओटी (दरवर्षीची फिटनेस तपासणी) माफ, वर रस्त्यावर कुठेही चालवा. पंपावर ई१० च्या शेजारी सुपरमध्ये अजून ई५ मिळतं. तिकडे निदान जुन्या गाड्यांपुरता असा एक नोझल ठेवला असता तर काय बिघडलं असतं.

साताऱ्याची_सून
खूप आभार सगळ्यांचे. ह्यांना वाचून दाखवलं, सज्जनगडचं ऐकून बाबाच बाहेर आले आणि बॅटरी कधी बसवताय विचारायला लागले, साधी बारा व्होल्टची हो! नंबर तीन अक्षरीच आहे, उद्या पोर्टलवर बघते. पार्ट कुठे बघू? मेस्त्री म्हणतात पंपाचं किट आता मिळत नाही.

कुर्ला_रिटर्न
मिळतं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसची दुकानं नाहीतर कुर्ल्याचा सीएसटी रोड. मात्र मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, दुकानदार माल ठेवायचे ते टॅक्सीवाल्यांच्या जिवावर, त्यामुळे आत्ताच घेऊन ठेवा: पंप किट, पॉइंट, कंडेन्सर, व्हील सिलिंडरचे रबर, वॉटर पंप. जुना पार्ट हातात घेऊन जा, नुसतं मॉडेल सांगून भलतंच काहीतरी गळ्यात मारतात. आणि डिस्ट्रिब्युटर कॅप चांगली दिसली तर दोन घ्या, एकीचे पैसे मी पाठवतो.